वस्ती, पट्टा, घरकुल, गटार: खान्देशातल्या वस्त्यांमधून सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी सरकारी माणूस नाही अन वकील पण नाही. वस्तीत राहतो. बायकोच्या बचत गटाच्या वह्या लिहायला बसायचो, मग एकीचा फॉर्म भरला, मग तिच्या जावेचा, मग अख्ख्या गल्लीचा, आणि आता रविवारी सकाळी ओट्यावर चार-पाच जण पिशवीत कागद घेऊन बसलेले असतातच. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचे लिहून टाकले. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या शहरातल्या वस्त्यांसाठी आहे हे, खेड्यातल्या घरकुलाचे नियम वेगळे असतात, ते यात शोधू नका.

आमच्या वस्तीत योजना आली म्हणतात, म्हणजे नेमकं काय आलं?

हा पहिला गोंधळ. योजना म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्ही एकात घालतात. एक म्हणजे वस्तीची कामं, रस्ता, गटार, पोलवरचे दिवे, सार्वजनिक संडास, सभागृह. दुसरं घरकुल, म्हणजे तुमच्या एकट्याच्या घराला मदत. आणि तिसरा पट्टा, म्हणजे पायाखालच्या जागेचा कागद. रस्ता काँक्रीटचा झाला म्हणून जागा तुमची होत नाही, आणि नळ कनेक्शन मिळालं म्हणून घरकुलाचा हक्क तयार होत नाही. आमच्याकडे एक आप्पा वीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवायचे, मनं घर मनं नाव म्हणून. घरकुलाच्या वेळेला पहिल्याच टेबलवर सांगितलं की ही कर भरल्याची पावती आहे, मालकीची नाही. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

मग जागा कोणाची आहे ते कसं बघायचं?

शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर भूमी अभिलेख ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, झालेला नसेल तर तलाठ्याकडचा किंवा ऑनलाइनचा सातबारा. नंबर माहीत नसेल तर शेजारच्या ज्या माणसाकडे कागद आहे त्याचा नंबर घ्या आणि तिथून पुढे सरका, हे सगळ्यात सोपं. उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

नगरपालिका किंवा महाराष्ट्र शासन असेल तर वाट आहे, लांबची आहे पण आहे. गायरान, म्हणजे गावाच्या गुरांच्या चराईची जमीन, असेल तर अवघड, कारण जानेवारी 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी अशा नियमित करत सुटू नका असं सांगितलंय, भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसारख्या अपवादांना थोडी जागा ठेवून. रेल्वेची असेल, भुसावळकरांना हे वेगळं सांगायला नको, तर ती केंद्राची जमीन, तिथं राज्य सरकार किंवा पालिका स्वतःच्या सहीनं पट्टा देऊच शकत नाही, रेल्वेची एनओसी लागते आणि ती रेल्वेवाले सहजासहजी देत नाहीत. नदीकाठ असेल तर निळी रेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची. पांझरा, बोरी, गिरणेच्या काठावर निळ्या रेषेच्या आत घर असेल तर तिथंच पक्कं घर बांधायला परवानगी मिळेल अशी आशा कोणी लावली तर ती खोटी आहे. तिथं मागायचं ते दुसरीकडे पुनर्वसन.

सरकारी जागेवर पंचवीस वर्षं राहतोय, पट्टा भेटेल का?

राज्यानं 2018 मध्ये सर्वांसाठी घरे या धोरणाखाली सरकारी जागेवरची राहण्याची अतिक्रमणं नियमित करायचा जीआर काढला, त्यात तारीख आहे 1 जानेवारी 2011. त्याच्या आधीपासून तिथं राहताय हे कागदानं दाखवावं लागतं. मतदार यादीतलं नाव, लाईट बिल, घरपट्टी, रेशनकार्ड, पोरांच्या शाळेचा दाखला त्याच पत्त्याचा. आता कळलं घरपट्टीच्या पावत्या कशाच्या कामाच्या? मालकीच्या नाहीत, पण राहण्याच्या पुराव्याच्या आहेत. आप्पांच्या पावत्या शेवटी इथंच कामाला आल्या.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मागा. नुसत्या नवऱ्याच्या नावावर ठेवलेल्या कागदाचं काय होतं ते मी दोन-तीन घरांत बघितलंय, एका ठिकाणी तर सावकाराकडे गेला होता.

घोषित झोपडपट्टी आणि अघोषित यात काय फरक, आम्हाला तर कोणी घोषित केलेलं आठवत नाही?

1971 चा झोपडपट्टी कायदा आहे राज्याचा, सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असं लांबलचक नाव. त्याच्या कलम 4 खाली सक्षम अधिकारी वस्ती घोषित करतो आणि ते राजपत्रात येतं. फायदा असा की अशा वस्तीतून कोणाला काढायचा आदेश असला तरी त्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तो राबवता येत नाही, आणि 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहणाऱ्यांना त्या कायद्यात वेगळं संरक्षण आहे. घोषित आहे की नाही हे पालिकेच्या नगररचना किंवा झोपडपट्टी विभागात विचारा, आणि तोंडी विचारू नका. तोंडी उत्तर दर महिन्याला बदलतं.

आमचा प्लॉट शंभराच्या स्टॅम्पवर घेतलाय, नोटरी केलेला. चालेल ना?

नाही चालणार, पण रडू पण नका. शहराच्या कडेला शेतमालकानं गुंठा-गुंठा करून विकलेले हे प्लॉट, सातबारा अजून त्याच्याच नावावर, कधी कधी त्याच्या मेलेल्या बापाच्या. यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केली. पालिकेत अर्ज, मोजणी, शुल्क, मग नियमित झाल्याचा दाखला. शुल्क एकेकट्याला जड जातं म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून मोजणी लावा. आणि मूळ मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याकडून खरेदीखत करून घ्या हो. तो गेला की सात वारस, त्यातला एक सुरतला, एक बोलत नाही.

घरकुलाला पैसे किती आणि कोणाला?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी, पहिली जून 2015 ची, दुसरी म्हणजे 2.0 सप्टेंबर 2024 पासूनची. स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर तो बीएलसी घटक, त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, एकूण अडीच. घरात वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत पाहिजे, आणि देशात कुठेही कुटुंबातल्या कोणाच्या नावावर पक्कं घर नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली पोरं. म्हणजे लग्न झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरतात, पण त्याला दाखवायला जागा वेगळी लागते, आणि इथंच भावाभावांत वाजतं. प्लॉट आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस लावा, मग बाकीच्यांचं संमतीपत्र.

आता खरं गणित. घर किमान 30 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे फुटाच्या आसपास. बांधकामाचा दर फुटाला दीड हजार धरला, आणि तो आज कोणी देत नाही, तरी पाच लाखांच्या जवळ जातं. म्हणजे निम्मे तुमचे. हे कोणी स्टेजवरून सांगत नाही. अडीच लाखात घर होतं असं समजून जो पाया खोदतो त्याचं घर लिंटलला, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या पट्टीला, अटकतं, आमच्या भागात अशी लिंटलला थांबलेली घरं तुम्हाला दाखवू शकतो, वर ताडपत्री, आत संसार.

जुनं घर कधी पाडायचं?

वर्क ऑर्डर हातात आणि आधारला जोडलेलं खातं चालू आहे का बघितल्यावर. त्याच्या आधी एक वीट हलवू नका. पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतात, पाया, लिंटल, स्लॅब, पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्याला इंजिनिअर येऊन मोबाईलवर जिओटॅग, म्हणजे जागेच्या नोंदीसकट, फोटो काढतो, फोटो नाही तर हप्ता नाही. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका मावशीनं लिस्टमध्ये नाव आलं म्हटल्यावर अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरून आखाजीलाच घर पाडलं. लिस्ट होती अर्ज मंजुरीची, वर्क ऑर्डरची नाही. पावसाळा भाच्याच्या पडवीत काढला, दिवाळी पण तिथेच. पहिला हप्ता आला तेव्हा पुढची होळी झाली होती. आणि पाया झाल्यावर जुन्या घराचा फोटोच नव्हता म्हणून परत चकरा. म्हणून जुन्या घरासमोर उभं राहून तुमचा फोटो आधीच काढून ठेवा, आतला पण.

आणखी एक, उन्हाळ्यात बांधायला काढू नका. पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या गावात मे महिन्यात स्लॅबला पाणी कुठून मारणार? टँकर घेतला तर त्याचेच हजारो जातात. दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारीत स्लॅब पडला पाहिजे.

वाळू परवडत नाही, काही सवलत?

आहे. राज्याच्या 2025 च्या वाळू धोरणात घरकुलवाल्यांना 5 ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू मोफत आहे, तहसीलकडून पास घ्यायचा, वाहतूक तुमची. गिरणा-तापीच्या पट्ट्यात राहून पण वाळू मिळत नाही याचं कारण काय ते आपल्या इकडे शेंबड्या पोराला पण माहीत आहे. पास मिळाला की लगेच उचला, पावसाळ्यात घाट बंद असतात.

रमाई, शबरी आणि पंतप्रधान आवास, तिन्ही भरू का?

भरून काही उपयोग नाही, लाभ एकच. रमाई अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी, शबरी आदिवासींसाठी, नंदुरबार-शहादा-चोपडा भागात शबरीवाले जास्त. जिथं तुमचा नंबर आधी लागतोय आणि अनुदान येतंय तिथं थांबा. जागेचा कागद तिन्हीकडे लागतोच.

आम्ही भाड्यानं राहतो, आम्हाला काय?

खरं सांगू का, फारसं काही नाही. सगळ्या योजना जागेभोवती फिरतात आणि भाडेकरूच्या पायाखाली जागाच नाही. 2.0 मध्ये परवडणारी भाड्याची घरं असा घटक आहे आणि भागीदारीतली घरं आहेत, पण त्यासाठी शहरात प्रकल्प उभा राहायला पाहिजे. म्हाडाच्या नाशिक मंडळाखाली आपले जिल्हे येतात, तिथल्या सोडतीवर लक्ष ठेवा. भाडेकरार मात्र लेखी करा, राहण्याचा पुरावा म्हणून.

मुंबईत झोपडी पाडून बिल्डर फुकट फ्लॅट देतो, आपल्याकडे का नाही देत?

हा प्रश्न सुट्टीवर आलेले पाव्हणे घालून जातात डोक्यात. मुंबईत फुकट कोणी देत नाही. झोपडीवाल्यांना उभ्या बिल्डिंगीत घालून मोकळी झालेली जागा आणि वरचा एफएसआय, म्हणजे त्या जागेवर जादा बांधायची मुभा, बिल्डर बाजारात विकतो, विकलेल्या फ्लॅटांतून फुकट घरांचा खर्च निघतो. आता धुळ्यात किंवा अमळनेरात तसा फ्लॅट काय भावानं विकणार? बांधायचा खर्च तर सगळीकडे जवळपास तोच, सिमेंट-सळई धुळ्याला स्वस्त नाही मिळत. विक्रीतून निघतच नाही म्हणून बिल्डर येत नाही. त्यामुळे आपल्याकडे जे होणार ते सरकारी पैशानं आणि जागच्या जागी. मला विचाराल तर ते वाईट नाही.

पण पालिकेनं बांधलेल्या घरकुलाच्या बिल्डिंगीत जायला सांगतायत, जावं का?

जळगावकर माणूस घरकुल शब्द ऐकला की आधी हसतो. नव्वदच्या दशकात तिथल्या तेव्हाच्या नगरपालिकेनं अकरा हजारांवर घरांची योजना काढली, हुडको या सरकारी घरबांधणी कंपनीचं कर्ज घेतलं, बहुतेक घरं झालीच नाहीत, 2006 ला गुन्हा दाखल झाला आणि 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष कोर्टानं 48 जणांना दोषी धरलं. पुढे अपिलं झाली. अर्धवट सांगाडे मात्र लोकांनी वर्षानुवर्षं बघितले. म्हणून मोठ्या आकड्याच्या घोषणेवर आपल्याकडे कोणाचा चटकन विश्वास बसत नाही.

तरी बिल्डिंग उभी असेल आणि पाणी-लाईट-ड्रेनेज चालू असेल तर जाऊन बघा, पण रात्री जाऊन बघा. जिन्यात दिवा आहे का, पाण्याची मोटर चालवायचं बिल कोण भरतं, शाळा आणि दवाखाना किती लांब. आणि धंदा. हातगाडी तिसऱ्या मजल्यावर जात नाही. भंगारवाला माल कुठे टाकणार, शिलाईवालीकडे गिऱ्हाईक चढून येणार का, शेळी कुठे बांधणार? आमच्या गटातल्या बायका चैत्र-वैशाखात बिबड्या, कुरडया, पापड करून विकतात, दारासमोर बाजा टाकून त्यावर साड्या अंथरून वाळवण असतं, त्यावर पोरींची वह्या-पुस्तकं निघतात. त्यातल्या एकीला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. गच्चीला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो सकाळी कामावर गेला की संध्याकाळी येणार. तिनं पहिल्या वर्षी खिडकीच्या जाळीवर कुरडया घातल्या, खालच्या गाडीवर पडल्या, भांडण झालं. दुसऱ्या वर्षी ती परत जुन्या वस्तीत दीराच्या अंगणात येऊन वाळवण घालायला लागली, येता-जाता रिक्षाचे पैसे देऊन. प्लॅन काढणाऱ्याला यातलं काही विचारावंसं वाटत नाही, त्याच्या नकाशात अंगण नावाची गोष्टच नसते.

रस्ता काँक्रीटचा झाला आणि आता पावसाचं पाणी घरात येतंय, तक्रार कोणाकडे?

घ्या, हा माझा आवडता प्रश्न. दर पाच वर्षांनी रस्ता मंजूर होतो आणि जुना न खोदता त्याच्यावरच नवा थर. आमच्या दारातच मोजलंय, पहिल्यांदा उंबऱ्याला चढून जायला दोन पायऱ्या होत्या, आता रस्त्यावरून घरात एक पायरी उतरावी लागते. वडिलांनी ओटा बांधला होता तो रस्त्याच्या खाली गेला. गटारीची उंची रस्त्याप्रमाणे, मग घरातलं सांडपाणी गटारीत चढणार कसं, उलट गटारीतलं मोरीत येतं.

काम झाल्यावर तक्रार करून काही होत नाही, ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. काम सुरू व्हायच्या दिवशी गोळा व्हा. बांधकाम विभागात अंदाजपत्रकाची कॉपी मागा, त्यात खोदाई किती धरली आहे ते एका ओळीत लिहिलेलं असतं. खोदाई धरली असेल आणि करत नसतील तर तिथल्या तिथे फोटो, तारखेसह अर्ज, आवकचा शिक्का. गल्लीतल्या सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्यावर खडूनं रेघ मारा आणि इंजिनिअरला सांगा, साहेब याच्या खाली. आमच्या मागच्या गल्लीतल्या बायकांनी हेच केलं, चार तास जेसीबीसमोर बसल्या, रेघेच्या खाली रस्ता झाला. तिथं पाणी शिरत नाही आता.

संडासाला पैसे मिळतात का?

स्वच्छ भारतमध्ये शहरात घरच्या संडासाला 12 हजार ठरले, 4 केंद्राचे, 8 राज्याचे. शोषखड्डा करायला जागा नसेल तर भूमिगत गटारीला जोडणी मागा. जागाच नाही म्हणून सार्वजनिक संडास असेल तर तो कोण धुणार हे बांधायच्या आधी लेखी ठरवून घ्या, उद्घाटनानंतर कोणी येत नाही.

वस्तीच्या कामाचे पैसे नक्की कुठून येतात, नगरसेवक म्हणतो निधीच नाही?

एका पेटीत नसेल, दुसऱ्या पेटीत असतो. अनुसूचित जातीची वस्ती असेल तर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना, ज्याला लोक अजून दलित वस्तीचा निधी म्हणतात. राज्याच्या नगरोत्थान योजनेचे पैसे आहेत. पाणी आणि मलनिस्सारणाला केंद्राची अमृत योजना. खासदाराला वर्षाला 5 कोटी, त्यातले 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्तीवर खर्चायला सांगितलेत. प्रस्ताव मात्र तुमच्या वॉर्डातून गेलेला पाहिजे, आणि दलित वस्तीचा पैसा शेजारच्या कॉलनीच्या रस्त्याला गेला का हेही बघा, कामाच्या नावात वस्तीचं नाव असतं आणि रस्ता भलतीकडे असतो.

बचत गटाचा याच्याशी काय संबंध?

एकट्याच्या अर्जाला आवकचा नंबर मिळतो, पन्नास बायकांच्या अर्जाला खुर्ची मिळते. 2013 पासून नागरी उपजीविका अभियानात गट, गटांचा वस्तीस्तर संघ, त्याचा शहरस्तर संघ अशी रचना केली, गटाला 10 हजार फिरता निधी, वस्तीस्तर संघाला 50 हजार मिळायचे, 2024 मध्ये ते अभियान संपलं. पैसे किरकोळच, पण संघाचं बँक खातं, ठराव वही आणि शिक्का असतो. ठरावावर गेलेलं पत्र फेकून देता येत नाही. हातगाडीवाल्यांनी पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज बघावं, 2020 ला 10 हजारांपासून सुरू झालेलं, आता पहिला हप्ता 15 हजारांचा आहे.

अतिक्रमणाची नोटीस आली, आता?

घाबरून सामान काढू नका आणि फाडून पण टाकू नका. नोटिशीवरची तारीख, कायद्याचं कलम, कोणाची सही, हे बघा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत राहण्याचे सगळे पुरावे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या 1985 च्या निकालापासून आधी नोटीस आणि म्हणणं ऐकणं याला धरून बोलता येतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस सांगितली, पण व्हॉट्सअॅपवर जे फिरतं त्यात पुढचं वाक्य कापलेलं असतं, रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईनीला लागून किंवा नदीपात्रात असलेल्या अनधिकृत बांधकामाला ते लागू नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नवाल्यांना मोफत आहे.

एक भाऊ म्हणतो पाच हजार द्या, लिस्टमध्ये नाव घालतो?

नका देऊ. नाव घालणं त्याच्या हातात नसतं, तो फक्त लिस्ट तुमच्या आधी बघतो.

नाव नामंजूर झालं, कारण सांगत नाहीत.

माहिती अधिकार, 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. असं विचारा: माझ्या अर्जावर कोणी कोणत्या तारखेला काय शेरा मारला त्याची प्रत द्या. का नाकारलं असं विचारलं तर उत्तर येतं की अशी माहिती उपलब्ध नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात, तो पण वापरा, अर्ज आधी द्यावा लागतो.

ऑफिसात जाताना काय काय न्यायचं?

आधार, रेशनकार्ड, उतारा, घरपट्टी, लाईट बिल, उत्पन्नाचा दाखला, असेल तर जातीचा, पासबुकचं पहिलं पान, सगळ्याच्या तीन झेरॉक्स, मूळ कागद दाखवायला फक्त, द्यायला नाही. दोन फोटो. पाण्याची बाटली. एप्रिल-मे मध्ये साडेदहालाच जाऊन बसा, बाराच्या पुढे साहेब साईटवर असतात आणि बाहेरच्या बाकावर ऊन आलेलं असतं.